दाढीसाठी परत येणारी माणसं

रंगनाथतात्यांवर मी लिहावं, हे मलाच धाडसाचं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझे वडील, आबा, सही करतात, पण सही करताना श्वास रोखून धरतात. मीही अजून लिहिताना थोडा रोखतोच. तात्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी जाणती माणसं गावात आहेत, त्यांनी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ती लिहिणार नाहीत, आणि तात्यांबद्दल अलीकडे पारावर जे बोललं जातं ते मला ऐकवत नाही. म्हणून चुकतमाकत लिहितो. काही राहिलं, काही जास्त झालं, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तात्या न्हावी होते. कुंभार पिंपळगावात बाजारतळाच्या कडेला एक कडुनिंब आहे, त्याला टेकून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. आत एक लाकडी खुर्ची, तिचा एक पाय विटेवर. समोरच्या आरशाचा पारा जागोजागी उडालेला, त्यामुळे बसलेला माणूस पाण्याखाली बसल्यासारखा दिसायचा. दुपारी कडुनिंबाची सावली दारातून आत यायची आणि हळूहळू आरशावर चढायची. तशा वेळी खुर्चीत बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, हे नीट सांगता यायचं नाही. वेचणीच्या दिवसांत बाजारातून कापसाचे तंतू उडत यायचे. एखादा तंतू हवेत तरंगताना दिसला की तात्या वस्तरा थांबवायचे. तो खाली उतरेपर्यंत, मग तो गिऱ्हाइकाच्या गालावरच्या फेसावर उतरो की जमिनीवर, ते बघत उभे राहायचे. गिऱ्हाईकही गप्प बसून राहायचं. घाई असलेली माणसं तात्यांकडे जातच नसत.

उंच, जरा वाकलेले, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला. साबण लावण्याआधी ते दोन बोटं गिऱ्हाइकाच्या गळ्यावर, जबड्याच्या खाली, अलगद टेकवायचे आणि तीन-चार श्वास तशीच ठेवायचे. पहिल्यांदा आलेला माणूस दचकायचा. तात्या म्हणायचे, "काही न्हाई, ऐकून राह्यलो." काय ऐकता, असं विचारलं तर हसायचे.

त्यांची दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. कुणीही भेटो, तात्या विचारणार, किती? घनसावंगीच्या जीपवाल्याला, या रस्त्यानं दिवसातून किती फेऱ्या? लग्नातल्या आचाऱ्याला, महिन्यात किती पंगती? मी बी.ए.ला गेलो तेव्हा सगळ्यांनी पुढं काय होणार ते विचारलं, तात्यांनी विचारलं, "रोज किती पानं लिहितो?" मी म्हणालो, कधी एक, कधी काहीच नाही. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कल्ल्यांकडे वळले. गावात मागून त्यांना 'किती तात्या' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा गिरणीवाल्या शेषरावांनी भर दुकानात विचारलं, "तात्या, तुमी लगीन किती वेळा केलं?"

तात्या वस्तरा पुसत म्हणाले, "एकदाच. म्हणून तर हात बसला न्हाई."

तात्यांची बायको, आमच्या काकू, दुकानामागं तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरीवर बसवा मंग. माझी सुटका करा." त्या दिवशी शेषरावांची अर्धी दाढी बराच वेळ तशीच राहिली, कारण हसताना वस्तरा चालवायचा नाही हा तात्यांचा नियम होता.

हात बसला पाहिजे, हे त्यांचं सगळ्या जगाविषयीचं म्हणणं होतं. ते स्वतः शिकले मडक्यांवर. गावात कुंभार भरपूर. त्यांचे वडील तडा गेलेली मडकी मागून आणायचे, पालथी घालायचे, वर साबणाचा फेस फासायचे आणि पोराच्या हातात वस्तरा द्यायचे. मडक्यावर ओरखडा उठला की पुन्हा फेस. असं किती दिवस चाललं? "दोन पावसाळे," तात्या म्हणायचे. त्यानंतरही वर्षभर वडिलांनी त्यांचा हात मनगटाला धरूनच लोकांच्या दाढ्या केल्या.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. त्यामागं काय आहे ते कळलं दादामुळं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भानुदास. लहानपणी त्याला महिनाभर ताप होता, गुडघे आणि घोटे सुजले होते. ताप गेला, सूज गेली, आम्ही विसरलो. पण तो ताप त्याच्या हृदयाच्या एका झडपेला लागून गेला होता, हे कुणाला कळलं नव्हतं. तो बावीस वर्षांचा झाला तेव्हा बांध चढताना थांबू लागला. मग बसू लागला. मेंढरं पुढं जायची आणि हा मागं बसून त्यांच्याकडे बघत राहायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की झडप आकसली आहे, रक्ताला वाट राहिलेली नाही. ती काढून दुसरी, बनवलेली झडप बसवावी लागेल. छाती उघडून.

माय त्या दिवशी जेवली नाही. तिचा भाऊ, आमचा ज्ञानबामामा, जवळच्याच एका शहरात दवाखान्यात पहारेकरी होता. तिथं नुकताच हृदयाचा विभाग उघडला होता. मामा दुसऱ्याच दिवशी आला. म्हणाला, डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, आपल्या भागातले आहेत, पुढच्या आठवड्यात खाट मिळते. घरून भाकरी नेता येईल. मायला तर देव भेटल्यासारखं झालं. आबांनीही हो म्हटलं.

जाण्याआधी दादा दाढी करायला गेला. मी त्याला धरून नेलं होतं, सुट्टीवर होतो. तात्यांनी गळ्यावर बोटं ठेवली आणि या वेळी ती बराच वेळ उचलली नाहीत. मग विचारलं, कुठं, कधी, कोण करणार. दादानं सांगितलं. तात्या म्हणाले, "तिथं आठवड्याला किती होतात?"

आम्हाला कुठं माहीत. नवीनच आहे, एवढं मी म्हणालो.

तात्यांनी वस्तरा ठेवून दिला आणि दुकानातल्या बाकावर बसले. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तरुणपणी ते मुंबईला गेले होते आणि वीसेक वर्षं एका मोठ्या इस्पितळात न्हाव्याचं काम करत होते. हृदयाच्या ऑपरेशनआधी माणसाची छाती साफ करायची, हे त्यांचं काम. रोज सकाळी चार-पाच छात्या. आणि ज्याचं ऑपरेशन नीट झालं, तो आठ-दहा दिवसांनी घरी जायच्या आदल्या दिवशी हमखास निरोप पाठवायचा की न्हाव्याला बोलवा, दाढी करायची आहे. बायकोपोरांसमोर कुणाला वाढल्या दाढीनं जायचं नसतं.

"छाती एकदा, दाढी दुसऱ्यांदा," तात्या म्हणाले. "दाढीला बोलावलं की समजायचं, गडी वाचला. दुसरा कोणता कागद मला कोन दाखवनार?"

तिथं बहुतेक जण दाढीला बोलवायचे. सगळे नाही, हे त्यांनी मुद्दाम दोनदा सांगितलं. पुढं काकूंना मुंबई मानवेना, म्हणून ते गावाकडच्या भागात एका लहान इस्पितळात लागले. तिथं हृदयाचं काम महिन्याला एखादं. वस्तरा पेटीत पडून राहायचा. डॉक्टर चांगला होता, तात्यांना खुर्ची द्यायचा, रोग्याच्या उशाशी स्वतः रात्र काढायचा. पण तात्या छाती करून यायचे आणि मग दाढीच्या निरोपाची वाट बघत राहायचे. तो निरोप फार कमी वेळा यायचा. नर्स नजर चुकवू लागली की त्यांना कळायचं. एक दिवस त्यांनी पेटी उचलली आणि गावी परत आले. तेव्हापासून त्यांनी कुणाच्या छातीला वस्तरा लावला नाही.

"डॉक्टर देवमाणूस, बिलकुल," ते म्हणाले. "पण हात बसायला माणसं लागत्यात. आन् ती माणसं कोनाची तरी असत्यात."

दादाची दाढी त्या दिवशी त्यांनी केली नाही. म्हणाले, मुंबईला जा. युसूफ आहे तिथं, माझा जोडीदार, त्याला चिठ्ठी देतो. तिथं रांग असते, दोन-तीन महिने थांबावं लागेल, पण तिथंच जा.

हे आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते तडक दुकानात आले. आबा मोठ्यानं बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तात्या, पोरगं दोन पावलं चाललं की बसून राह्यलं. थांबण्यात गेलं तर?"

 "जाऊ बी शकतं, सोपानराव," तात्या म्हणाले. "मी फक्त दाढ्या पाह्यल्यात."

तो आठवडा आमच्या घरात कसा गेला ते सांगणं मला जमणार नाही. माय तात्यांचं नाव काढू देत नव्हती. न्हाव्याच्या सांगण्यावरून डॉक्टर ठरवायचा का, असं मामा म्हणाला, आणि त्यात चुकीचं काय होतं? मी शिकलेला म्हणून मला विचारलं. इतिहासाच्या पुस्तकात याचं काही नव्हतं. दादा अंगणात खाटेवर पडून आकाशाकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, डोळे मिटले की आपण तळ्यात पोहत आहोत असं वाटतं आणि पाणी गळ्यापर्यंत आहे. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

त्याच आठवड्यात आमच्या मेंढरांची लोकर कातरायची होती. आम्ही मूळचे मेंढरांवाले. शेती झाली तरी वीस-पंचवीस मेंढरं आबांनी ठेवली आहेत. कातरायला दर वर्षी आबा परतूरकडून एका म्हाताऱ्याला बोलावतात. तो हंगामभर कळपामागून कळप कातरत फिरतो. मेंढी त्याच्या मांडीवर आली की डोळे मिटते, आणि लोकर एका अखंड घोंगडीसारखी उतरते. ज्ञानबामामाकडेही कातर आहे, त्याची स्वतःची चार मेंढरं आहेत, आणि तो दर वर्षी म्हणतो, दाजी, परका माणूस कशाला, मी देतो कातरून. एका वर्षी आबांनी त्याला एक मेंढी दिली होती. मेंढीच्या कानाला आणि पोटाला जखमा झाल्या आणि तिनं आठ दिवस चारा खाल्ला नव्हता.

त्या दिवशीही मामा कातर घेऊन बसला आणि सवयीनं म्हणाला, आणा एखादी इकडं. आबा म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत उभे होते. बराच वेळ बघत होते. मग मामाकडे वळले.

"ज्ञानबा, तुझ्या हातात मी मेंढी देत न्हाई," ते म्हणाले. "आन् पोरगं कोनाच्या हातात देऊन राह्यलो होतो?"

मामा न जेवता निघून गेला. पुढं वर्षभर आला नाही.

आबा दादाला मुंबईला दाखवून आले. तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. त्या तीन महिन्यांत तात्या दर मंगळवारी दुकान बंद करून आमच्या वस्तीवर चालत यायचे. औषध नाही, उपदेश नाही. दादाजवळ बसायचे, गळ्यावर बोटं ठेवायचे आणि निघून जायचे. माय त्यांना पाणी द्यायची, पण बोलायची नाही. शेवटच्या मंगळवारी दादाचे पाय सुजून घागरीसारखे झाले होते. तात्या वाटेतल्या ओढ्याजवळ बसलेले मला दिसले. मी जवळ गेलो तरी त्यांना कळलं नाही. ते पाण्याकडे बघत होते आणि ओठ हलत होते. काहीतरी मोजत असावेत.

मुंबईला आबा, दादा, मी आणि तात्या गेलो. तात्या तिथं पंधरा वर्षांनी पाऊल ठेवत होते. फाटकातून आत शिरताच त्यांनी चहाच्या गाडीपाशी एका मेंदी लावलेल्या दाढीच्या माणसाला हाक मारली. युसूफभाई. दोघं एकमेकांच्या हातांकडे आधी बघत राहिले, मग तोंडाकडे. तात्यांचा पहिला प्रश्न अर्थातच तोच होता.

"आज सुबे से तीन," युसूफभाई म्हणाले. "कल पाँच थे. तू अबी बी गिनता है, रंगनाथ?"

दादाची छाती युसूफभाईंनी केली. तात्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बघत होते, जसा बाप पोराच्या हातातल्या मडक्याकडे बघत असेल. ऑपरेशनच्या दिवशी ते आमच्याजवळ बसले नाहीत. इस्पितळाच्या मागच्या अंगणात चादरी वाळत घातलेल्या असतात, त्या पांढऱ्या रांगांमधून ते दिवसभर फिरत होते. खिडकीतून मला कधी त्यांचे पाय दिसायचे, कधी डोकं.

नवव्या दिवशी दादानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, दाढी करायची आहे.

युसूफभाईंनी पेटी आणली आणि तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी साबण लावला. वस्तरा उचलला, गालापाशी नेला आणि तसाच मागं घेतला. कापसाच्या तंतूसाठी थांबणारा तो हात मी कधी असा मागं फिरलेला पाहिला नव्हता. ते थांबले. आम्ही सगळे थांबलो. दादाच्या गालावरचा फेस हळूहळू वाळून पांढरा पापुद्रा झाला. मग तात्यांनी ब्रश ओला केला आणि पुन्हा साबण लावला. दुसऱ्या वेळी वस्तरा थेट गालावर उतरला.

दादाच्या छातीतली नवी झडप वाजते. घड्याळासारखी बारीक टिकटिक, शांत जागी जवळ बसलं की ऐकू येते. माय सुरुवातीला तिला घाबरायची. आता दुपारी ती दादाच्या खाटेशी बसून वाती वळते आणि त्या ठेक्यावर तिची बोटं चालतात. दादाला रक्त पातळ करायची गोळी कायमची आहे, वस्तरा लागला तर रक्त लवकर थांबत नाही. तात्या त्याच्यासाठी दर वेळी नवं पातं घ्यायचे. पण आता गळ्यावर बोटं ठेवायचे नाहीत. मान जराशी कलती करून नुसते ऐकायचे, डोळे मिटून. त्या दुकानात मग तीन आवाज असायचे, कडुनिंबाचा, वस्तऱ्याचा आणि झडपेचा, आणि बाकावर बसल्या बसल्या मला झोप लागायची.

एकदा मी धीर करून विचारलं. सगळेच मोठ्या ठिकाणी गेले तर नवीन डॉक्टरचा हात बसणार कसा? माझ्या मते तो फार अवघड प्रश्न होता. तात्या पट्ट्यावर वस्तरा घासत होते.

"मोठ्या हाताखाली उभं राहायचं," ते म्हणाले. "माझ्या बापानं माझं मनगट सोडलं न्हाई वर्षभर. एकट्यानं करायची जल्दी करू न्हाई." मग, जसं स्वतःशीच, "मडक्याला घरचं माणूस नसतं रे. माणसाला असतं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते घनसावंगीच्या बसस्टँडवर. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला जायला निघालो होतो. ऊन उतरत होतं, उसाच्या गाड्यांची धूळ सगळीकडे सोनेरी लटकली होती, आणि त्या धुळीत तात्या सिमेंटच्या बाकावर पिशवी घेऊन बसले होते. दादा शेजारी होता. तात्या वाळले होते आणि एकेका वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबत होते. पण मला सगळ्यात विचित्र वाटली ती त्यांची दाढी. चार-पाच दिवसांची, पांढरी. आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी हसत म्हणालो, तात्या, न्हाव्याचीच दाढी वाढलेली?

"राहू दे," ते म्हणाले. "आल्यावर करू."

माझी बस आली. त्यांनी खिडकीतून विचारलं, "आता किती पानं लिहितो रोज?" मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, "बराबर." बस वळली तेव्हा ते दोघं त्या धुळीत फिकट होत गेले. ते कुठं निघाले आहेत हे मी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी दादा माझ्या होस्टेलवर आला. माझ्या खाटेवर बसला. खोलीत त्याची टिकटिक ऐकू येऊ लागली, आणि तो बोलायच्या आधीच मला अंदाज आला.

तात्यांची स्वतःचीच एक झडप म्हातारपणानं दगडासारखी झाली होती. त्यांनी हे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याच गळ्यावर बोटं ठेवून ते ऐकत असणार. ते त्याच इस्पितळात गेले, तेच मोठे हात, तीच रोजची रांग. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. दादा तिथंच होता. आत नेताना तात्यांनी त्याला जवळ बोलावलं होतं आणि म्हणाले होते, "मी न्हाई आलो तर गावात सांग, एकावरून मोजायचं न्हाई. न्हाईतर मंग कोनी जवळचा दवाखाना बघून जाईल."

दादानं गावात सांगितलं. पण पारावर आजही म्हणतात की किती तात्या आयुष्यभर मोजत राहिले आणि शेवटी त्यांचंच गणित चुकलं. दादाचं ऐकत नाहीत, म्हणून हे मी लिहिलं.

आणखी एक गोष्ट दादानं सांगितली. युसूफभाई आता कामावर नसतात. निरोप मिळाल्यावर ते घरून पेटी घेऊन आले. तात्यांचं डोकं दादानं दोन्ही हातांत धरलं आणि युसूफभाईंनी त्यांची दाढी केली. साबण दोनदा लावावा लागला, दादा म्हणाला. पहिला वाळून गेला होता.